पुदिनाबाई आणि बुटकी

पुदिना म्हणजे पुदिना, त्यात निवडायचं काय, असं पुदिनाबाईंच्या तोंडावर म्हणायची छाती त्या इमारतीत कुणाची नव्हती. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांनी ती एकदा करून पाहिली. बिचारे घाईनं कामावर निघाले होते. बाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं, आतून पाच-सहा फांद्या आणल्या, डोळे मिटायला लावले आणि एकेक पान चुरगाळून त्यांच्या नाकाखाली धरलं. "आता सांगा, सगळे एकच आहेत का?" गृहस्थ दोनदा शिंकले, एकदा "नाही" म्हणाले आणि त्या दिवसापासून लिफ्टनं जाऊ लागले.

बाईंचा जन्म गेला लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलापाशी. दिवसभर वाफ, खळ आणि डाग काढायच्या औषधांचा उग्र दर्प. घरी आल्यावर दूध उतू जाऊन जळलं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही, इतकं नाक मेलेलं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात पुदिन्याची काडी राहून गेली होती. बाईंनी खिसा न तपासता वरून गरम इस्त्री फिरवली आणि जो वास उठला, त्यानं त्या जागच्या जागी थिजल्या. इस्त्रीही तिथेच थिजली. कोटावर तिकोनी डाग पडला, मालकानं आकाशपाताळ एक केलं, गिऱ्हाइकानं बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाई आपल्या एकच म्हणत राहिल्या, "अहो, पण मला वास आला!" त्याच संध्याकाळी त्यांनी बाजारातून एक जुडी आणली आणि चार काड्या पाण्यात घालून खिडकीत ठेवल्या. मुळं फुटली, आणि बाईंचं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

आता त्यांच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. रंगाच्या रिकाम्या बादल्या, बुडाला भोकं पाडलेल्या, प्रत्येक बादली विटांवर चढवलेली. कारण पुदिना दिसतो गरीब, पण मातीखालून पाय पसरण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. दोन प्रकार एका कुंडीत लावले की दांडगा दुसऱ्याला गिळतो. बादली जमिनीला टेकली तर भोकातून मूळ बाहेर काढून शेजारच्या बादलीत घुसतो. म्हणून ज्याची त्याची बादली, आणि प्रत्येकाला बाईंनी स्वतः ठेवलेलं नाव. साधा, म्हणजे बाजारातला. तिखट, काळसर देठाचा, नाकातून थेट कपाळात जाणारा. लोकरी, जाड गोल पानांचा, अंगभर लव आणि चुरगाळला की सफरचंदाचा पुसटसा वास. चॉकलेटी, ज्याचा वास घेऊन पान तोंडात टाकणाऱ्याची हमखास फसगत होते. आणि संत्री, जांभळ्या कडांचा, साल सोलल्यासारखा दरवळणारा. बियांवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. बीपासून आलेलं पोर आईवर जाईल, बापावर जाईल की तिसऱ्याच कुणावर, याचा भरवसा नाही, म्हणून सगळा कारभार फांद्यांवर. नवी फांदी धरली की आधी पान चोळून पाहायचं, मग गरम पाण्यात घालून स्वतः प्यायचं, आणि मगच ते घरात दुसऱ्याला द्यायचं. या नियमाचा त्यांना भारी अभिमान होता.

एक खोड मात्र होती. कुणाच्या बागेत, कुठल्या कार्यालयाच्या फाटकाशी, रोपवाटिकेच्या बांधावर नवा पुदिना दिसला की बाईंची दोन बोटं आपोआप पुढे व्हायची. टचकन शेंडा तुटायचा आणि ओल्या रुमालात जाऊन पर्समध्ये बसायचा. त्या याला चोरी म्हणत नसत, 'उचल' म्हणत. मालकाला विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. "विचारलं की तो दहा गोष्टी शिकवत बसतो. माझं नाक काय ते मला सांगतं." झाडवेड्या माणसांत ही खोड घरोघरी सापडते आणि कुणी कुणाला नावं ठेवत नाही. पण या खोडीनं एक दिवस बाईंचे डोळे असे पांढरे केले की विचारू नका.

बाईंच्या घरात माणसं तीन. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाची नोकरी फिरतीची, त्यामुळे तो घरात कमी आणि फोनवर जास्त. उरली सून. ती विम्याच्या कार्यालयात कामाला, गोड बोलणारी, हळू चालणारी, भांडण कशाशी खातात हे माहीत नसलेली. लग्न होऊन घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी तिच्या हातात पुदिन्याच्या चहाचा कप ठेवला. ती म्हणाली, "छान झालाय, आई." बाई धन्य झाल्या. यजमान जन्मभर "गवत उकळून देतेस" म्हणत आले होते, पोराला दुधाशिवाय काही चालत नव्हतं, आणि ही परक्या घरची मुलगी पहिल्याच दिवशी छान म्हणते! तेव्हापासून रोज सकाळी एक कप सुनेचा. आज तिखट, उद्या लोकरी, परवा दोन्ही मिसळून. बाई कप देऊन झाडांना पाणी घालायला गॅलरीत जायच्या आणि परत येईपर्यंत कप रिकामा. "छान झालाय, आई." एक दिवस चुकला नाही.

आणि आता सुनेला दिवस गेले होते. मागच्या वेळी हातातोंडाशी आलेला घास गेला होता. ते दिवस कसे काढले, ते त्या दोघींनाच ठाऊक. सून कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि बाई दाराशी कप घेऊन उभ्या राहायच्या, आत जायचा धीर व्हायचा नाही. त्यामुळे या वेळी घरात कुणी मोठ्यानं आनंदसुद्धा करत नव्हतं. सुनेला उलट्यांनी हैराण केलं होतं, म्हणून तिनं रजा टाकली होती. बाईंनी तिखट देऊन पाहिला, साधा देऊन पाहिला, पण उलट्या काही हटेनात. तेव्हा त्यांना बुटकीची आठवण झाली.

बुटकी ही ताजी उचल. गावाबाहेरच्या रोपवाटिकेच्या दाराशी, उंबऱ्याला लागून ती जमिनीलगत पसरली होती. पानं नखाएवढी, पण वास असा की बाईंनी चालता चालता ब्रेक लावला. पुदिना तर खराच, पण आजवर हुंगलेल्या सगळ्यांचा बाप. रोपवाटिकेचा मालक पाठमोरा पाणी घालत होता. टचकन दोन शेंडे रुमालात गेले. बादलीत ती झपाट्यानं धरली, कडेवरून खाली लोंबायला लागली. बाईंनी नियमाप्रमाणे आधी स्वतः एक कप घेतला. कडवट लागला, जरा डोकं जड झालं, ते त्यांनी उन्हावर ढकललं. बाईंना काही झालं नाही, हाच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी बुटकीचा कप सुनेच्या हातात.

"कसं वाटतंय गं?" गॅलरीतून आल्यावर बाईंनी विचारलं.

"बरं वाटतंय आई. आज मळमळ कमी आहे."

झालं! बाईंना आकाश ठेंगणं झालं. मग रोज बुटकी. रोज सून म्हणे, "कालच्यापेक्षा बरं आहे." आणि रोज बाई मूठ थोडी मोठी करत.

आठवडाभरानं बाईंना माती हवी होती, म्हणून त्या रोपवाटिकेत गेल्या. मालक वयस्कर, कमी बोलणारा, तोंडात कायम सुतळीचा तुकडा चघळणारा. बाईंना राहवेना. उचल पचली होती, झाड फोफावलं होतं, त्याची फुशारकी कुणापुढे तरी मारायलाच हवी होती, आणि ज्याची उचलली त्याच्यापुढे मारण्यासारखी मजा नाही. त्यांनी पर्समधून बुटकीची फांदी काढून त्याच्यापुढे नाचवली.

"दादा, ओळखा पाहू ही कुठली?"

त्यानं फांदीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि हसला. "न्यायचीच होती तर मागायची ना ताई. नाही कुठे म्हणणार होतो?"

"मागून आणलेलं मला धरत नाही."

"बरं. पण कामाला येते. मुंग्या पार पळतात. कुठे लावलीत? ओट्याखाली?"

"मुंग्या?" बाई हसल्या. "अहो, चहा करतेय मी हिचा! सुनेला दिवस गेलेत, उलट्या थांबत नव्हत्या. हिनं थांबल्या."

मालकाच्या तोंडातली सुतळी खाली पडली. त्याच्या तोंडाचा रंग उडालेला बाईंनी पाहिला आणि काय झालंय ते कळायच्या आधीच त्यांच्या काळजात धस्स झालं.

"ताई," तो हळू म्हणाला, "ही पोटात घ्यायची नसते. कुणीच नाही. हिला वास पुदिन्याचा आहे, पण ही विषारी. आणि पोटुशी बाईनं तर..." पुढचं त्यानं गिळलं. मग एकदम ओरडला, "किती दिलंत? अहो, किती दिलंत?"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. सरकली म्हणजे अक्षरशः, त्या मातीच्या पोत्यांवर बसल्या. मालक पाणी आणायला धावला, तेवढ्यात त्या उठल्या आणि माती, पिशवी, सगळं तिथेच टाकून रस्त्यावर आल्या. समोर दिसलेल्या टॅक्सीत बसल्या. ड्रायव्हर "कुठे?" विचारतोय आणि बाईंना स्वतःचा पत्ता आठवेना. मीच पाजलं, मीच पाजलं, एवढंच डोक्यात. मूठ थोडी मोठी करत होते मी. जन्मात कधी कुणाला शिळं वाढलं नाही, आणि पोटातल्या लेकरावर हात टाकला. मुलाला फोन लावायला फोन काढला आणि तसाच परत ठेवला. सांगणार काय? कुठल्या तोंडानं?

घरी आल्या तर सून पलंगावर आडवी. एक हात पोटावर.

"काय होतंय गं?" बाई दारातूनच किंचाळल्या.

सून दचकून उठून बसली. "काही नाही आई. जरा पोट दुखतंय सकाळपासून. तुम्ही एवढ्या घामाघूम का?"

पोट दुखतंय. बाईंनी चौकट धरली. त्यांना सगळं सांगायचं होतं, पण मागच्या वेळची भिंतीकडे तोंड केलेली ती पाठ डोळ्यांपुढे उभी राहिली आणि दातखीळच बसली. हिला आत्ता सांगितलं तर ही इथेच हाय खाईल. एक आशा तेवढी होती. माणूस कधीतरी कप विसरतो, अर्धा टाकतो.

"आज चहा प्यालीस का तू? सकाळचा?"

"हो ना, प्याले की."

"सगळा?"

सुनेला वाटलं असावं, सासूबाई रुसल्यात. तिनं चेहऱ्यावर हसू आणलं. "सगळा, आई. फार छान होता आजचा. मी पानंसुद्धा चघळली."

पानंसुद्धा! पानं टाकून दे म्हणून कधी सांगितलं नाही आपण. सांगायला हवं होतं. ही गुणी मुलगी, दिलेलं वाया जायला नको म्हणून पानंसुद्धा खाते.

"रोज चघळतेस?"

"रोज," सून आणखी गोड हसली. "मला आवडतात."

"चल. चप्पल घाल. डॉक्टरांकडे जायचंय."

"अहो, एवढं काही नाही दुखत..."

"चल म्हणते ना!" बाई आयुष्यात पहिल्यांदा सुनेवर ओरडल्या. सून घाबरून उठली, पर्स काखेत मारली आणि निघाली. टॅक्सीत बाईंनी तिचा हात घट्ट धरला होता. तो हात गार होता की आपला, हे त्यांना कळत नव्हतं. सून दोनदा म्हणाली, "आई, तुम्हालाच बरं नाही का?" बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दवाखान्यात आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या बायकांना बाईंनी काय सांगितलं कोण जाणे, पण सगळ्यांनी मुकाट्यानं वाट दिली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. बाई खुर्चीवर बसल्याही नाहीत.

"डॉक्टर, मी हिला विष पाजलंय."

सून गर्रकन वळली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली ओढला.

मग बाईंचा बांध फुटला. बुटकी, रोपवाटिका, मुंग्या, मूठ, आठवडाभर रोज, आणि पानंसुद्धा. "तिची काही चूक नाही. मी न विचारता आणली, मी न विचारता पाजली. मला काय शिक्षा करायची ती करा, पण तिचं बाळ वाचवा. मागच्या वेळी... मागच्या वेळी तर मी काही केलंही नव्हतं हो!" फांदी अजून त्यांच्या मुठीत होती, चुरगाळून काळी पडलेली. साऱ्या खोलीत तिचा वास भरला.

डॉक्टरीणबाईंनी फांदी हातात घेतली, लांबूनच हुंगली, आणि त्यांच्या कपाळावरची आठी बाईंनी पाहिली. त्यांनी परिचारिकेला हाक मारली, मग सुनेकडे वळल्या. "नीट आठवून सांगा. रोज किती घेत होता? पहिला कप कधी? रक्तस्राव? चक्कर?"

सून बाईंकडे बघे, डॉक्टरांकडे बघे. तोंड पांढरंफटक.

"वेळ नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किती कप?"

"एकही नाही," सून पुटपुटली.

"काय?"

"मी एकही कप घेतला नाही."

बाईंना भडभडून आलं. एवढ्या प्रसंगातही ही पोर सासूला वाचवतेय! "डॉक्टर, तिचं ऐकू नका! ती अशीच आहे. माझं मन दुखेल म्हणून बोलतेय. आत्ता घरी मला म्हणाली, सगळा प्याले म्हणून. विचारा तिला!"

"आई, मी घरी खोटं बोलले."

"नाही, आत्ता खोटं बोलतेयस तू! पोरी, माझ्या मनाचं काय घेऊन बसलीस? तुझ्या पोटाचं बघ!"

डॉक्टरीणबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागल्या. "हे पाहा, मला खरं काय ते कळलं पाहिजे. प्याला असाल तर उपचार वेगळे आहेत. तुम्ही यांना घाबरून बोलताय का?"

"घाबरून नाही!" सुनेचा आवाज चढला. त्या घरात आल्यापासून तो पहिल्यांदा चढला, आणि चढला तो थेट छपराला. "मला पुदिना आवडत नाही! अजिबात आवडत नाही! लहानपणापासून वास आला की पोटात ढवळतं! रोज सकाळी तुम्ही कप देता आणि गॅलरीत जाता, आणि मी तो बेसिनमध्ये ओतून वर नळ सोडते! चार वर्षं! तुमचा तो लोकरी, आई, पायपुसणं उकळल्यासारखा वास मारतो! त्या उलट्या होतात ना, त्यातल्या निम्म्या तुमच्या गॅलरीमुळे होतात!"

परिचारिका दारात थबकली. बाई आ वासून उभ्या.

"नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "बेसिनमध्ये पानं अडकली असती. मी रोज बेसिन घासते. मला दिसली असती."

सुनेनं पर्स उघडली आणि टेबलावर उपडी केली. किल्ल्या, कंगवा, बसचा पास. आणि कागदी रुमालाच्या चुरगाळलेल्या गोळ्या. एक, दोन, पाच, सात, कोपऱ्यात अडकलेल्या आणखी. "ऑफिसला जाताना बाहेर टाकते मी. रजेवर आहे, बाहेर जाणं झालं नाही. म्हणून साठलीत."

बाईंनी एक गोळी उकलली. आत पानं. ओलसर, आजचीच. नखाएवढी. बुटकी. दुसरी उकलली, बुटकी. तिसरी, बुटकी. वाळलेली, कडक झालेली, पण एकही पान चघळलेलं नव्हतं, पुरचुंडीत जशीच्या तशी. चौथी नाकाशी नेली आणि बाईंना कळलं, हा तिखट. पर्सच्या अस्तरात अडकलेल्या एका जुन्या गोळीतून लवदार गोल पानांचा भुगा निघाला. त्यांचं नाक त्यांना सगळं सांगत होतं, बिनचूक.

"देवा," बाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी तरीही सुनेला आत नेलं. बाहेर बाईंचा जीव टांगणीला. बऱ्याच वेळानं आतून एक धडधड ऐकू आली, यंत्रातून येणारी, भरभर चाललेली, आणि बाईंच्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाई पडदा सारून बाहेर आल्या. "सगळं ठीक आहे. पोट दुखतंय ते उपाशी राहिल्यामुळे. खात नाहीत त्या नीट. खात्रीसाठी रक्त तपासू." मग जरा थांबून म्हणाल्या, "आजी, त्यांनी तुमचं ऐकलं असतं तर आज आपण वेगळं बोलत असतो." त्या पुढच्या पेशंटला बोलवायला वळल्या.

बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. रक्ताचा कागद यायचा होता. बाईंना हसावं की रडावं कळत नव्हतं. नातवंड वाचलं होतं, आणि वाचवलं होतं एका खोट्यानं. जगात कुणी कुणाला सांगितलेल्या खोट्याबद्दल देवाचे इतके आभार मानले नसतील. पण जसजसा श्वास ठिकाणावर येऊ लागला, तसतसं दुसरंच काहीतरी आत कुरतडू लागलं. चार वर्षं. एक दिवस चुकला नाही. तीच मुलगी, तेच हसू, तेच "छान झालाय, आई."

"मी तुला लाल स्वेटर विणला," बाई समोर बघत म्हणाल्या. "तो?"

सून पर्सची चेन लावू लागली.

"तुझ्या खोलीला मी पडदे शिवले ते?"

"आई, राहू द्या ना."

"नाही, सांग."

"पडदे बरे आहेत," सून म्हणाली.

बाईंनी मान हलवली. आत्ता आत्तापर्यंत त्यांना वाटत होतं की या घरात आपलं कौतुक करणारं एक माणूस आहे. त्या माणसाला आपण ओळखतच नाही, या विचारानं त्यांना रोपवाटिकेत बसला होता त्याहून मोठा धक्का बसला. तिथून निदान धावत सुटता तरी आलं होतं. पुढचा प्रश्न विचारू नये असं त्यांना फार वाटत होतं, पण तोंडात आलेला शब्द मागे जाईना.

"आणि मला आई म्हणतेस, ते गं?"

सुनेनं पटकन उत्तर दिलं नाही. एरवी तिचं उत्तर कप टेबलावर टेकायच्या आत तयार असायचं. आज ती विचार करत बसली. समोरून एक बाई पोराला कडेवर घेऊन गेली, कुणाचा तरी नंबर पुकारला गेला, आणि ती अजून विचारच करत होती.

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"पहिली दोन वर्षं नुसती हाक होती. म्हणायचं म्हणून म्हणायचे. मला भीती वाटायची तुमची."

"माझी?" बाई थक्क झाल्या. "मी कधी आवाज चढवला तुझ्यावर?"

"नाही. पण तुम्ही कप देताना असं बघायचात की नाही म्हणायची सोयच नसायची." सून आपल्या हातांकडे बघत होती. "मागच्या वेळी मी तशी पडून होते ना, तेव्हा तुम्ही दाराशी यायचात, उभ्या राहायचात आणि काही न बोलता परत जायचात. मला तेव्हा फार वाटायचं, यांनी आत यावं. मी मनातल्या मनात आई म्हणायचे तेव्हा. तुम्ही आला नाहीत."

बाईंनी तोंडाला पदर लावला. त्या वेळी आपण आत का गेलो नाही, याची शंभर कारणं त्यांच्यापाशी होती, आणि एकही सांगण्यासारखं नव्हतं.

"मला वाटलं, तुला कुणी नको असेल."

"विचारायचं ना, आई."

परिचारिका कागद घेऊन आली. सगळं ठीक होतं. बाईंनी तो कागद वाचला, परत वाचला, घडी करून सुनेच्या हातात दिला. मग त्या तिच्याकडे पुरत्या वळून बसल्या. या मुलीला विचारायला कुठून सुरुवात करावी, ते त्यांना समजत नव्हतं. पर्समध्ये तीन प्रकारच्या पानांच्या पुरचुंड्या आणि हिच्याबद्दल आपल्याला काहीएक ठाऊक नाही.

"तुला भूक लागलीय का गं?"

सुनेनं सवयीनं "नाही आई" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"हो," ती म्हणाली. "खूप."